ओतीव की घडीव? डिझेल इंजिनाचा पिस्टन निवडताना

इंजिनाचा पिस्टन हा विषय वाङ्मय मंडळाच्या अंकात कशाला, असं कुणी विचारायच्या आधीच सांगते. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचं एक छोटं मासिक निघालं, ते मुळात कारखान्याच्या बातम्या द्यायला. पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' झालं, आणि त्याच घरातून 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाली. या सगळ्याची सुरुवात आपल्याच बेळगावात, लक्ष्मणरावांच्या सायकलच्या दुकानात झाली होती. म्हणजे लोखंड आणि मराठी मासिकं यांची ओळख जुनी आहे. मी फक्त तिचा फायदा घेतेय.

प्रसंग असा आहे. माझा चुलतभाऊ कॅनडात ओन्टारिओला असतो. त्याच्याकडे २००६ चा डॉज राम पिकअप आहे, त्यात कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. आठवडाभर तो या गाडीला ट्रेलर लावून लोकांची बांधकामाची यंत्रं इकडून तिकडे पोचवतो. ती त्याची रोजीरोटी. उन्हाळ्यात मात्र चार-सहा शनिवार तो ट्रक पुलिंगला उतरतो. मातीच्या पट्ट्यावर वजन लादलेली घसरगाडी ओढायची. गाडी पुढे जाते तसं घसरगाडीवरचं वजनही पुढे सरकतं, ओढ वाढत जाते आणि शेवटी ट्रक जागच्या जागी थांबतो. जो जास्त लांब ओढेल तो जिंकला. तिकडे या खेळाचं वेड आहे. कारखान्यातून हे इंजिन ३२५ अश्वशक्तीचं आलं होतं, माझ्या भावाला साधारण ७०० हवी आहे. गेल्या हंगामात त्याच्या चौथ्या सिलिंडरचा पिस्टन वितळला, आणि आता इंजिन नव्याने बांधायचं आहे.

पप्पांचं उद्यमबागेत बोअरिंगचं वर्कशॉप आहे. भाऊ त्यांना व्हिडिओ कॉल करतो, कॅटलॉग पाठवतो, आणि मी मध्ये बसून ते इंग्रजी पप्पांना मराठीत वाचून दाखवते. दोन महिने हे चाललंय, त्यामुळे साहित्याच्या विद्यार्थिनीला कळू नये इतकं मला पिस्टनबद्दल कळायला लागलंय.

भावाचं ठरलेलं होतं. "अंकल, या वेळी फोर्ज पिस्टनच टाकतो. महाग आहेत, पण एकदाच काय तो खर्च." पप्पांनी पिस्टनचं नावच काढलं नाही. त्यांनी विचारलं, "नोजल तपासलंस का?"

इथे थोडं थांबायला हवं, कारण मला वाटतं सगळ्या निवडीची किल्ली इथेच आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. नुसती हवा दाबून दाबून इतकी तापवतात की तिच्यात डिझेल फवारलं की ते आपसूक पेटतं. ही फवार बारीक धुक्यासारखी पाहिजे. नोजल अडकलं, गळायला लागलं, तर डिझेल थेंबाथेंबाने आणि नको त्या वेळी पडतं, आणि जळती धार पिस्टनच्या माथ्यावर एकाच जागी लागत राहते. जळणाऱ्या वायूचं तापमान २००० अंशांच्या वर जातं. पिस्टन ज्या मिश्रधातूचा असतो तो तर ६०० अंशांच्या आतच वितळतो. मग एरवी तो वितळत का नाही? कारण त्याच्याकडे उष्णता साठायला वेळच मिळत नाही. काही उष्णता रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीला जाते, आणि बरीचशी खालून उडणारी इंजिन ऑइलची धार घेऊन जाते. या जमाखर्चात जमेची बाजू जरा वाढली की अ‍ॅल्युमिनियम बिचारं मेणासारखं ओघळतं. भावाने फोटो पाठवला होता. बरेच दिवस जळून एका बाजूला कलंडलेली चर्चमधली मेणबत्ती, अगदी तसा तो पिस्टन दिसत होता.

चौथ्या सिलिंडरचं नोजल तपासणीत गळकं निघालं. बाकीचे पाच पिस्टन शाबूत होते, त्यातल्या दोघांच्या माथ्यावरच्या वाटीच्या काठाला बारीक चिरा होत्या, एवढंच. म्हणजे पिस्टन मेला होता खरा, पण मारणारा दुसराच होता. त्या जागी घडीव पिस्टन असता तर तोही वितळला असता. घडवल्याने धातूची ताकद वाढते, वितळायचं तापमान काही वाढत नाही.

आता 'घडीव' आणि 'ओतीव'. वर्कशॉपमध्ये 'फोर्ज' आणि 'कास्ट' म्हणतात, पण मराठीत हे दोन शब्द आधीपासून आहेत आणि मला ते फार आवडतात. अडचण अशी की भाषेत घडीवला उगीचच मान आहे. घडवलेला माणूस, घडवलेलं आयुष्य. ओतीव म्हटलं की साच्यातून निघालेलं, सरसकट काहीतरी. भावाच्या डोक्यातही नेमकं हेच होतं.

ओतीव पिस्टन म्हणजे अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण १२ टक्के सिलिकॉन, थोडं तांबं, निकेल, मॅग्नेशियम मिसळून तो रस पोलादी साच्यात ओतायचा. सिलिकॉनमुळे धातू कमी प्रसरण पावतो आणि घासला तरी लवकर झिजत नाही. पण तो जरा ठिसूळ होतो. फार ताण आला तर वाकण्याऐवजी तडकतो. घडीव पिस्टनसाठी तापवलेला धातूचा गोळा प्रेसखाली दाबून आकार देतात. आत पोकळ्या राहत नाहीत, धातूचे कण दाबले जाऊन एका दिशेने बसतात. स्पर्धेचे घडीव पिस्टन बहुतेक वेळा २६१८ नावाच्या मिश्रधातूचे असतात, त्यात सिलिकॉन जवळजवळ नसतंच. (कॉन्कॉर्ड विमानाचं बाहेरचं कवच याच घराण्यातल्या धातूचं होतं. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाताना ते तापायचं, म्हणून.) हा धातू चिवट आहे, तडकण्याआधी वाकतो, धक्का सोसतो. पण तापला की जास्त फुगतो.

आणि हे फुगणं म्हणजे पिस्टनच्या निवडीतला निम्मा विषय. ५.९ इंजिनाचा बोअर १०२ मिलिमीटर. इतक्या व्यासाचा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन १०० अंश तापला की साधारण ०.२ मिलिमीटर वाढतो. बिडाचा ब्लॉक तेवढ्याच तापमानाला ०.११ च्या आसपास वाढतो, आणि ब्लॉक पाण्याने थंड होत असल्यामुळे तो पिस्टनइतका तापतही नाही. म्हणून थंड असताना दोघांमध्ये मोकळी जागा ठेवावी लागते. कमी ठेवली तर इंजिन तापल्यावर पिस्टन भिंतीला घासून जाम होतो, ज्याला आपल्याकडे 'इंजिन बसलं' म्हणतात. जास्त ठेवली तर थंड असताना पिस्टन भिंतीवर टकटक आपटतो. २६१८ च्या पिस्टनला ही जागा ओतीवपेक्षा बरीच जास्त द्यावी लागते. उन्हाळ्यात स्पर्धेच्या आधी इंजिन नीट गरम करून मग ओढायला घेणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण हिवाळ्यात पहाटे, उणे वीसमध्ये, रोज चालू करायच्या ट्रकचं काय? रोजची ती टकटक पिस्टनचा स्कर्टही झिजवते आणि भिंतही.

एक गोष्ट मला या सगळ्यात सर्वात जास्त आवडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पिस्टन गोल नसतो! आपल्याला गोल दिसतो, पण मायक्रोमीटर लावला की कळतं, तो किंचित लंबगोल असतो. गजनपिनच्या दिशेला व्यास कमी, तिच्या काटकोनात जास्त. कारण पिनच्या बाजूला धातूचा गड्डा जास्त, तिथे तो तापून जास्त फुगणार. आणि वरून खालीही तो सरळ नसतो, माथ्याकडे निमुळता असतो, कारण माथा सगळ्यात गरम. म्हणजे थंड असताना मुद्दाम वाकडा बनवायचा, कामाला लागल्यावर तो बरोबर व्हावा म्हणून. म्हणून पिस्टन कुठे मोजायचा, किती उंचीवर, हे बनवणाऱ्याने दिलेल्या कागदावरच पाहायचं. अंदाजाने कुठेही माप घेतलं की सगळा हिशोब चुकतो.

दुसरी गोष्ट वरच्या रिंगेच्या खाचेची. सगळ्यात जास्त दाब आणि उष्णता हीच खाच सोसते. रिंग दर फेरीला तिच्यात वरखाली आपटते. नुसतं अ‍ॅल्युमिनियम असेल तर खाच हळूहळू रुंद होते, रिंग सैल पडते, दाब खाली गळतो, ऑइल वर येतं. म्हणून डिझेलच्या चांगल्या ओतीव पिस्टनमध्ये या जागी निकेलचं प्रमाण जास्त असलेल्या बिडाचं एक कडं बसवलेलं असतं. हे कडं आधी वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कुंडात बुडवून त्यावर थर चढवतात, मग साच्यात ठेवून भोवती रस ओततात. दोन धातू एकमेकांना धरून बसतात. त्या खास बिडाचं प्रसरण अ‍ॅल्युमिनियमच्या जवळ जाणारं असतं, नाहीतर तापल्यावर कडं सुटून आलं असतं. हे ओतकामातच सहज जमतं. घडीव पिस्टनमध्ये असं कडं पक्कं बसवणं अवघड, म्हणून बरेच जण त्याशिवायच येतात, फार तर खाचेवर कडक लेप असतो. स्पर्धेचं इंजिन दर हंगामाला उघडतातच, त्यामुळे तिथे ते खपून जातं. पण लाखभर किलोमीटर धावायच्या ट्रकला बिडाचं कडं पाहिजे. पप्पांनी हे समजावलं तेव्हा भाऊ पहिल्यांदा गप्प झाला. कोल्हापूरला डिझेलचे पिस्टन ओतले जातात, पप्पांनी तिथे हे काम होताना पाहिलेलं आहे.

मग घडीव कधी घ्यायचा? जिथे इंजिन मुळातल्यापेक्षा खूप जास्त वेगाने फिरवायचं आहे तिथे. पिस्टन दर फेरीला वर जाऊन थांबतो, खाली येऊन थांबतो. त्या थांबण्या-सुटण्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. या इंजिनाचा स्ट्रोक १२० मिलिमीटर आहे. मिनिटाला ३००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर, ४००० ला १६ मीटर. वेग एक-तृतीयांशाने वाढला, ओढ मात्र पावणेदोन पट झाली. शिवाय दाबही आहेच. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब धरला तरी या पिस्टनच्या माथ्यावर दर पेटीला सव्वाबारा टन वजन येतं, आणि ३००० फेऱ्यांना हे सेकंदाला पंचवीस वेळा. हजार-दीड हजार अश्वशक्तीच्या, फक्त ओढण्यासाठीच बांधलेल्या इंजिनात हे आकडे इतके वाढतात की ओतीव धातू तडकायची भीती असते. तिथे घडीव घ्यावाच. माझ्या भावाला ७०० पाहिजे आणि ३५०० च्या पुढे तो जाणार नाही.

आता वाटी. डिझेल पिस्टनच्या माथ्यावर मध्ये खोलगट वाटी असते, डिझेल तिच्यातच जळतं. नोजलच्या छिद्रांतून निघणारी फवार वाटीत नेमकी कुठे पोचते यावर धूर, ताकद, पिस्टनचं आयुष्य सगळं अवलंबून असतं. आणि ५.९ मध्ये इथेच मोठा खड्डा आहे. २००३ ला हे इंजिन कॉमन रेल झालं, तेव्हाच्या पिस्टनची वाटी रुंद होती आणि फवारीचा कोनही मोठा. २००४ च्या मध्यानंतर वाटी बदलली, कोन बराच अरुंद झाला, सुमारे १२४ अंश. बाहेरून दोन्ही पिस्टन सारखेच, दोन्ही ब्लॉकमध्ये बसतातही. पण जुनी वाटी आणि नवं नोजल, किंवा उलटं, असं जुळवलं तर फवार वाटीबाहेर नाहीतर भलत्याच जागी जाते. भिंतीवरचं ऑइल धुऊन निघतं, नाहीतर माथा जळतो. भावाला एका दुकानाने स्वस्तात पिस्टनचा संच देऊ केला होता, "५.९ कॉमन रेलचा आहे, बसेल." बसला असताच. वर्ष विचारल्यावर २००३ निघालं.

नव्या वाटीचा काठ आत वळलेला, धारदार असतो. हवा आत घुसळली जावी म्हणून तो तसा ठेवलाय. पण पातळ काठ सगळ्यात आधी तापतो आणि सगळ्यात आधी थंड होतो, आणि या रोजच्या ताणाने त्याला चिरा जातात. भावाच्या दोन पिस्टनना तेच झालं होतं. उपाय साधा आहे. लेथवर तो ओठ काढून काठ गोल करून घ्यायचा. कॉम्प्रेशन थोडंसं उतरतं, पण चीर सुरू व्हायला कोपराच राहत नाही.

कॉम्प्रेशनवरून मात्र दोघांचं बरंच वाजलं. टर्बोने हवा जास्त कोंबायची असेल तर कॉम्प्रेशन कमी असलेला पिस्टन घ्यावा, असं भाऊ म्हणत होता, आणि ते खरंच आहे. कागदावर मी हिशोब केला. मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशन १७ च्या जरा वर आहे. १७ ला हवेचा दाब साधारण ४५ पट होतो, १५ ला ३९ पट. टर्बोने आधीच चार पट हवा भरली असेल तर पेटायच्या आधीच एकीकडे १८० आणि दुसरीकडे १५५. हेड गॅस्केटला आणि बोल्टना हा फरक कळतो. पण तेच कॉम्प्रेशन हवा तापवतं. उणे वीसची हवा, गारठलेला बिडाचा ब्लॉक, स्टार्टर रडत फिरतोय. अशा वेळी १५ ला डिझेल पेटेल की नुसता पांढरा धूर येईल? या इंजिनात आत येणारी हवा तापवायला हीटरची जाळी असते, पण ती कितीशी पुरणार. पप्पांचं म्हणणं, शनिवारच्या खेळासाठी सोमवारची सकाळ पणाला लावू नकोस. शेवटी ओठ काढल्याने जेवढं उतरेल तेवढंच उतरवायचं, असं ठरलं.

पोलादाचे पिस्टनही मिळतात, त्याबद्दल थोडक्यात. मोठ्या ट्रकच्या इंजिनात ते बरीच वर्षं आहेत, आणि २०१४ मध्ये मर्सिडीजने कारच्या डिझेल इंजिनातही आणले. पोलाद बिडाइतकंच फुगतं, त्यामुळे मोकळी जागा कमी लागते, आणि ताकद इतकी की पिस्टन बुटका करून वजन आटोक्यात ठेवता येतं. पण ते उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या एक-तृतीयांशानेच वाहून नेतं, म्हणून खालून ऑइलची सोय भक्कम लागते. किंमत ऐकून तो विषय आमच्याकडे एका मिनिटात संपला.

बाकीच्या गोष्टी निवडीपेक्षा बसवण्याच्या आहेत, पण ऑर्डर देताना माहीत असाव्यात. जास्त ताकदीच्या इंजिनात रिंगेच्या दोन टोकांमधली फट थोडी वाढवावी लागते. टोकं तापून एकमेकांना भिडली तर रिंग पिस्टनची कडच तोडून टाकते. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या किती बाहेर येतो ते मोजून मग गॅस्केटची जाडी ठरवायची. कॅम बदलला असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना, हे माथ्यावर प्लॅस्टिसिन लावून, इंजिन हाताने फिरवून बघायचं. (शाळेत खेळतो तेच प्लॅस्टिसिन. याच्याहून चांगली युक्ती अजून कुणी काढली नाही म्हणे.)

आणि एक क्रम. या इंजिनाला लायनर नाहीत, पिस्टन थेट ब्लॉकच्या भोकात चालतो. भिंत ओरखडली की ब्लॉक बोअर करून अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन टाकायचा. अशा वेळी लोक आधी ब्लॉक बोअरला देतात आणि मग पिस्टन मागवतात. उलटं करायचं. आधी पिस्टन हातात, प्रत्येकाचं माप घ्यायचं, त्यावर नंबर टाकायचा, आणि त्या पिस्टनसाठी ते भोक त्या मापाला बोअर आणि होन करायचं. कॅटलॉगमधलं माप म्हणजे पत्रिका, पिस्टन म्हणजे प्रत्यक्ष नवरा, असं पप्पा म्हणतात.

शेवटी सहा ओतीव पिस्टन मागवले आहेत. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज, वरच्या खाचेला बिडाचं कडं, २००४ नंतरची वाटी, ओठ काढलेला, माथ्यावर उष्णता अडवणारा सिरॅमिकचा लेप आणि स्कर्टवर ग्राफाइटचा. घडीव संचाच्या तुलनेत जे पैसे वाचले त्यात सहाही नोजल नवी घेतली आणि हेडचे बोल्ट बदलले. संच अजून वाटेत आहे. ब्लॉक भावाने ऑइल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलाय, आणि पिस्टनची मापं हातात येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, अशी पप्पांची सक्त ताकीद आहे.